वादळ, पत्रे आणि २५ तारखेचा हप्ता

मे महिन्यातल्या त्या वादळानंतर आमच्या सोलापुरातल्या नीलमनगर आणि विडी घरकुल भागातल्या बऱ्याच बायकांनी मला एकच गोष्ट विचारली. घरावर कर्ज आहे, ते थकलं होतं, बँकेशी तडजोड होऊन हप्ते बांधून मिळालेत, आणि त्यातच पत्रे उडाले. आता आधी छप्पर करायचं का हप्ता भरायचा? प्रत्येकीला दारात उभ्या उभ्या सांगून होत नाही. शिवणाच्या मशीनवर बसून फोनवर बोलताना निम्मं राहून जातं. म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढते. आमच्याकडे जे झालं तेच लिहिते.

आधी कर्जाचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमचा टॉवेलचा कारखाना होता, म्हणजे घराच्या मागच्या शेडमध्ये चार लूम (यंत्रमाग). २०१८ मध्ये ह्यांनी घर तारण ठेवून एका सहकारी बँकेतून आठ लाख काढले, जुने लूम बदलले. पुढं २०२० चं लॉकडाऊन आलं. तयार टॉवेल गोडाऊनला पडून, ज्यांच्याकडे उधारी होती त्यांचे फोन बंद. सोलापुरातल्या कितीतरी घरांची हीच गोष्ट आहे, जास्त सांगत बसत नाही. नव्वद दिवस हप्ता थकला की खातं एनपीए होतं, म्हणजे बँकेच्या वहीत थकीत धरलं जातं. आमचं झालं, आणि सरफेसी कायद्याची, म्हणजे थकलेल्या कर्जासाठी तारण घर ताब्यात घ्यायच्या कायद्याची, साठ दिवसांची नोटीस दारात आली. लूम भंगारच्या भावात गेले. हे आता अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत दुसऱ्याच्या कारखान्यात लूमवर जातात, आणि मी मागच्या शेडमध्ये तीन मशिनी आणि एक ओव्हरलॉक टाकून शाळेचे युनिफॉर्म जॉबवर शिवते.

बँकेशी बोलून बोलून शेवटी तडजोड झाली, म्हणजे सगळी येणं बाकी न भरता ठरलेल्या कमी रकमेत कर्ज मिटवायचं. रक्कम ५ लाख ४० हजार ठरली. त्यातले २० टक्के, म्हणजे १ लाख ८ हजार, सुरुवातीलाच भरायचे होते. त्यासाठी माझ्या पाटल्या गेल्या. उरलेले ४ लाख ३२ हजार दर महिन्याच्या २५ तारखेला १८ हजारांप्रमाणे, २४ हप्त्यांत. पत्रात एक कलम होतं, ते मला तोंडपाठ आहे: लागोपाठ दोन हप्ते चुकले तर दिलेली सवलत रद्द समजली जाईल आणि मूळ येणं बाकी व्याजासह वसूल केलं जाईल.

साध्या कर्जात आणि तडजोडीच्या कर्जात फरक आहे तो इथंच. साध्या कर्जाचा हप्ता चुकला तर दंड लागतो, खातं बिघडतं, पण सावरायला वाव असतो. तडजोड मोडली की आपण जे काही सोडवून घेतलेलं असतं ते सगळं परत आपल्या डोक्यावर येतं, आणि तेव्हा परत बोलणी करायला बँक सहसा बसत नाही. म्हणून मी म्हणते, ज्यांची तडजोड चालू आहे त्यांनी वादळाच्या दुसऱ्या दिवशी पत्र्यांचा भाव काढण्याआधी ते पत्र काढून वाचावं.

आता त्या संध्याकाळचं. दिवसभर पारा ४३ च्या पुढे होता. आपल्याकडे मे महिन्यात असं तापलं आणि दुपारनंतर वारा एकदम पडला की वळीव येणार हे लहान पोरांनाही कळतं. पण त्या दिवशी आधी धूळ आली. हैदराबाद रोडच्या बाजूनं आभाळ पिवळं झालं, समोरच्या लिंबाच्या फांद्या जमिनीला टेकायला लागल्या. मी आणि सासूबाई शेडमधले कापडाचे गठ्ठे पुढच्या खोलीत ओढत होतो. पुढच्या दोन खोल्या स्लॅबच्या आहेत. मागं स्वयंपाकघर आणि त्याच्या मागं शेड, दोन्ही पत्र्याची. स्वयंपाकघराच्या कडेचा पत्रा आधी फडफडला. मग एक अँगल वाकल्याचा आवाज झाला आणि चार पत्रे एकाच वेळी गेले. शेडचे त्यांच्या मागोमाग. सासूबाई ओरडल्या, "अगं सोड ते कापड, आत ये आधी!" त्या बरोबर होत्या. उडता पत्रा माणसाचा गळा कापतो. आमचा एक पत्रा गल्लीत विजेच्या खांबाला गुंडाळला होता, दुसरा दोन घरं सोडून पलीकडच्या गच्चीवर. कुणाला लागलं नाही, याबद्दल मी सिद्धेश्वराला हात जोडले.

पाऊस फार वेळ नव्हता. पण जेवढा पडला तेवढा सगळा घरात पडला.

ह्यांनी कारखान्यातून येऊन पहिल्यांदा मेन स्विच पाडला. ओल्या भिंतीतून वायर गेलेली असते, मशीनच्या मोटारीत पाणी गेलेलं असतं. लाईट आली म्हणून बटण दाबून बघणाऱ्यांनी मोटारी जाळल्याचं मी बघितलंय. मोटारी आम्ही सोडवून पुढच्या खोलीत फॅनखाली ठेवल्या, मशीनच्या गाभ्यात तेल सोडलं, आणि दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला दाखवल्याशिवाय चालू केल्या नाहीत.

रात्रीचं खरं काम कापडाचं होतं. मे हा युनिफॉर्मचा सीझन. जूनच्या मध्याला शाळा उघडतात, त्याआधी माल परगावी जायला हवा. कटिंग कारखान्यातून येतं, म्हणजे कापड आमचं नसतंच, शेठचं असतं. प्रत्येक बंडलाला नंबरची चिठ्ठी असते: २४, २६, २८ असे साईज, कुठल्या ताग्यातलं, किती नग. चिठ्ठ्या भिजल्या की शाई पसरते, आणि २६ ची कॉलर २८ च्या अंगाला लागली की तो शर्ट वाया जातो. शिवाय गडद निळं कापड ओलं असताना पांढऱ्याला टेकलं तर पांढऱ्याला डाग पडतो, तो नंतर निघत नाही. मी, सासूबाई आणि मुलगी, तिघी टॉर्चच्या उजेडात बसून आधी निळं आणि पांढरं वेगळं केलं, मग टेपनं मोजून साईज लावले आणि खडूनं नंबर टाकले. जिन्याच्या कठड्यावर, खाटेवर, टीव्हीवर, जिथं जागा मिळेल तिथं कापड पसरलं. पांढऱ्यातल्या काही नगांना डाग पडलेच. शेठला मी त्याच रात्री फोन केला. ते म्हणाले, "ताई, उद्या बघू. पण डागाचे नग वेगळे ठेवा, फेकू नका." त्यांनी नंतर तेवढ्याच नगांचे पैसे कापले, बाकीचं काम चालू ठेवलं. लपवलं असतं आणि माल पुढं गेल्यावर निघालं असतं तर सगळी ऑर्डरच गेली असती. ऑर्डर गेली असती तर हप्ता कुठून?

सकाळी उजाडल्याबरोबर मुलीनं फोटो काढले. आवरायच्या आधी. उघडं छप्पर, वाकलेले अँगल, भिंतीवरची तुटलेली वीट, भिजलेलं धान्य, सगळं. एक फोटो घराचा नंबर दिसेल असा, दाराबाहेरून. आणि लगेच, अगदी लगेच, भंगारवाले गल्लीत फिरायला लागले. वादळाच्या दुसऱ्या दिवशी ते येतातच. वाकलेला पत्रा किलोवर घेतात आणि रोख देतात. हातात पैसा नसताना तो मोह मोठा असतो. आमच्या ओळीतल्या बऱ्याच जणांनी दिले. मी ह्यांना म्हटलं, पंचनामा होईपर्यंत आणि विम्याचं कळेपर्यंत एक पत्रा हलवायचा नाही. सगळे वाकडे पत्रे भिंतीला टेकवून दोरीनं बांधून ठेवले. हे फार उपयोगी पडलं.

मग जामीनदार. ही गोष्ट कुणी बोलत नाही म्हणून मुद्दाम लिहिते. सहकारी बँकेच्या कर्जाला दोन जामीनदार असतात, आणि ते कुणी परके नसतात. आमचे एक जामीनदार म्हणजे ह्यांचे मामेभाऊ, शाळेत शिक्षक आहेत. पगारदार जामीनदार बँकेला आवडतो कारण पगारातून कपात करून घेता येते. खातं थकलं तेव्हा नोटीस त्यांनाही गेली होती, आणि त्या वर्षी दिवाळीला त्यांच्याकडे कुणी आमच्याशी धड बोललं नव्हतं. त्यात त्यांचा काही दोष नाही. आम्ही सही मागितली, त्यांनी दिली. तडजोड झाल्यावर हळूहळू येणं-जाणं सुरू झालं. आता वादळाची बातमी त्यांना पेपरातून कळावी आणि त्यांनी रात्रभर हप्त्याच्या काळजीत पडावं, हे मला नको होतं. सकाळीच मी फोन लावला.

"भाऊजी, पत्रे गेलेत आमचे. माणसं बरी आहेत. हप्त्याचं मी आजच बँकेत जाऊन बोलते, तुमच्यापर्यंत काही येऊ देणार नाही."

ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "वहिनी, हप्त्याचं राहू द्या, आधी शिडी आहे का सांगा." दुपारी शाळेला सुट्टीच होती, ते शिडी आणि जाड ताडपत्री घेऊन आले आणि ह्यांच्याबरोबर स्वयंपाकघरावर चढले. त्या दिवशी मला जे वाटलं ते लिहिता येत नाही.

बँकेत मी त्याच दिवशी गेले. २५ तारीख अजून यायची होती, आणि हेच महत्त्वाचं आहे. हप्ता चुकल्यावर दिलेला अर्ज म्हणजे कारण सांगणं. चुकायच्या आधी दिलेला अर्ज म्हणजे कळवणं. वसुलीचे साहेब चांगले बोलले. "अहो, तुमचे हप्ते वेळेवर आहेत, काळजी करू नका, पुढच्या महिन्यात दोन्ही एकदम भरा." ऐकायला बरं वाटलं. पण साहेबांची बदली होते, शाखा बदलते, आणि तडजोड संचालक मंडळानं मंजूर केलेली असते. तिच्यात बदल करायचा अधिकार काउंटरवरच्या माणसाला नसतो. मी म्हटलं, साहेब, तुम्ही म्हणताय ते मला मान्य आहे, फक्त माझा अर्ज घ्या आणि पोच द्या.

अर्ज मी घरूनच लिहून नेला होता. त्यातला मजकूर असा होता:

"दि. ____ रोजी झालेल्या वादळात तारण मिळकतीच्या मागील बाजूचे छप्पर उडाले आहे. फोटो सोबत जोडले आहेत. पंचनाम्याची प्रत मिळताच सादर करू. आजवरचे सर्व हप्ते मुदतीत भरले आहेत. मे महिन्याच्या हप्त्यापोटी ६,००० रुपये २५ तारखेच्या आत भरत आहोत. उर्वरित १२,००० रुपये भरण्यास मुदत मिळावी, आणि हा हप्ता चुकलेला समजून तडजोड रद्द करू नये, ही विनंती. जून महिन्यापासूनचे हप्ते नेहमीप्रमाणे भरू. तारण मिळकतीच्या विमा पॉलिसीची प्रत मिळावी."

यात दोन गोष्टी मी विचार करून घातल्या. एक, काहीच न भरता मुदत मागायची नाही. सहा हजार तर सहा हजार, पण तारखेच्या आत. दोन, "तारण मिळकत" हा शब्द. घर आपलं असलं तरी तारण त्यांचं आहे. छप्पर गेलं म्हणजे त्यांच्याही तारणाची किंमत कमी झाली. हे कागदावर आलं की बँक त्याकडे निव्वळ कर्जदाराचं रडगाणं म्हणून बघत नाही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि इनवर्ड नंबर घेतला. मंडळाच्या बैठकीनंतर उत्तर लेखी आलं, मुदत मिळाली. उत्तर नसतं आलं तर काय, तेही मी विचारून ठेवलं होतं. बँकेनं लेखी तक्रारीवर ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, त्याला पैसे लागत नाहीत. कर्ज पतसंस्थेचं असेल तर मात्र तिथं लोकपाल नाही. पतसंस्था सहकार खात्याखाली येते, उपनिबंधकांकडे जावं लागतं. आणि वसुलीची माणसं तगादा लावत असतील तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानं बँकेच्या वसुली एजंटानं सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नसतो. दंड लावला तरी २०२४ पासून दंडाच्या रकमेवर पुन्हा व्याज लावता येत नाही. खातेउतारा घेऊन हे तपासा.

पंचनाम्याचं थोडक्यात. तलाठी आले, आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. घराचा उतारा, आधार, लाईट बिल, पासबुकची झेरॉक्स घेतली, दोन पंचांच्या सह्या घेतल्या. सही करायच्या आधी मी वाचून घेतलं. त्यात "छताचे अंशतः नुकसान" एवढंच होतं. मी त्यांना विनंती केली की किती पत्रे गेले, किती अँगल वाकले आणि साधारण किती टक्के नुकसान ते लिहा. त्यांनी लिहिलं. कारण केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत पक्क्या घराचं अंशतः नुकसान किमान १५ टक्के असेल तरच मदत बसते, आणि ती मदत आहे ६,५०० रुपये. कच्च्या घराला ४,००० आणि झोपडीला ८,०००. घर पूर्ण पडलं तर आपल्यासारख्या सपाट भागात १ लाख २० हजार. याआधीच्या निकषांत अंशतः नुकसानीला ५,२०० होते. आजच्या भावात साडेसहा हजारांत अँगल आणि मजुरीसुद्धा निघत नाही. ज्या बाईचं स्वयंपाकघर उघडं पडलंय तिला ही रक्कम सांगताना मला वाईट वाटतं, पण खोटी आशा लावण्यापेक्षा आकडा माहीत असलेला बरा.

पासबुकबद्दल एक सांगते. ज्या बँकेत कर्ज थकलंय तिथल्याच बचत खात्याचं पासबुक मदतीसाठी देऊ नका. मदतीच्या रकमेतून कर्जवसुली करू नये असं सरकारी आदेशात लिहिलेलं असतं, पण एकदा रक्कम वळती झाली की ती परत काढायला किती हेलपाटे घालावे लागतील सांगता येत नाही. मी पोस्टाच्या खात्याचं पासबुक दिलं.

आता विमा. इथं मला सगळ्यात जास्त लिहायचंय, कारण आमच्या ओळीत घर तारण असलेल्या निम्म्या लोकांना आपल्या घराचा विमा आहे हेच माहीत नव्हतं. घर तारण ठेवून कर्ज दिलं की बँका बहुतेक वेळा त्या घराचा विमा उतरवतात आणि प्रीमियम आपल्याच कर्जखात्याला नावे टाकतात. मी तडजोडीच्या वेळी खातेउतारा ओळीन् ओळ वाचला होता, त्यात दर वर्षी एक "इन्शुरन्स प्रीमियम" अशी ओळ होती. म्हणून अर्जात पॉलिसीची प्रत मागितली. पॉलिसी निघाली "भारत गृह रक्षा". २०२१ च्या एप्रिलपासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना ही एकाच नमुन्याची घराची पॉलिसी द्यावी लागते. आग, वीज पडणं, भूकंप, पूर यांच्याबरोबर वादळही तिच्यात येतं. इमारतीसोबत सामानाचाही विमा घेतलेला असेल तर इमारतीच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, सामान वेगळी यादी न देता धरलं जातं. आमची पॉलिसी नुसती इमारतीची होती. म्हणून धान्य आणि फ्रिज गेले ते गेलेच. शेडमध्ये धंदा चालतो म्हणून शेडही त्यात बसली नाही. राहिलं स्वयंपाकघर.

विमा कंपनीला लगेच कळवलं, फोनही केला आणि ईमेलही मुलीनं पाठवला. त्यांनी सर्व्हेअर पाठवला. सर्व्हेअरची फी कंपनी देते, आपण चहा द्यायचा तेवढा. त्यानं भिंतीला बांधून ठेवलेले पत्रे मोजले, जाडी बघितली, पत्रा धरणारे जे-हुक कुठं निसटले ते बघितलं. गंजून पडलेलं छप्पर असेल तर झीज म्हणून दावा कापतात. आमचे पत्रे गंजलेले नव्हते, वाऱ्यानं वाकलेले होते, हे त्याला डोळ्यांनी दिसलं. भंगारात दिले असते तर काय दाखवलं असतं?

पण तारण घराच्या पॉलिसीत "ॲग्रीड बँक क्लॉज" असतो. म्हणजे दाव्याचे पैसे आपल्या हातात येत नाहीत, बँकेकडे जातात. तडजोड चालू असलेल्या कर्जात हे फार नाजूक आहे. पैसे कर्जखात्यात आले आणि कुठल्या जुन्या व्याजाच्या खात्यात जिरले तर छप्परही गेलं, विमाही गेला आणि हप्ता तसाच उभा. म्हणून पैसे यायच्या आधी मी दुसरा अर्ज दिला: विम्याची जी रक्कम येईल ती तडजोडीच्या हप्त्यांपोटी जमा करावी, आधी मे महिन्याचे उरलेले १२,००० आणि मग पुढच्या तारखेचा हप्ता. छप्पर आम्ही आमच्या पैशातून करतो, बिलं जोडतो. काही बँका दुरुस्तीसाठी रक्कम कर्जदाराला सोडतात, तसंही मागता येतं. मला हप्त्यात धरलेली जास्त सोयीची होती. कुठलंही मागा, पण आधी आणि लेखी मागा.

छप्पर कुठल्या पैशातून केलं? इथं आम्ही घरात बसून बराच विचार केला. मशिनी दुसऱ्याच दिवशी पुढच्या स्लॅबच्या खोलीत आणल्या आणि काम सुरू केलं. आम्ही झोपायचो कुठं ते विचारू नका, पण सीझनचं शिवणं एक दिवसही थांबवायचं नाही असं ठरलं होतं. स्वयंपाक काही काळ ताडपत्रीखाली केला. मग पहिल्यांदा स्वयंपाकघर केलं, नवे पत्रे घालून, कारण त्या खर्चातला बराच भाग विम्यातून परत येणार होता. त्याला ३८ हजार लागले. ते आले माझ्या भिशीतून. माझा नंबर दिवाळीचा होता. भिशीतल्या बायकांनी आपसात बोलून मला जूनचा दिला. ज्या अक्कांचा जूनचा नंबर होता त्यांच्या मुलीचं बाळंतपण होतं, तरी त्या म्हणाल्या, "आमचं होतंय की हो, तुमच्या डोक्यावर छप्पर नाही." शेडचं फक्त अर्धं केलं, जुन्यातले सरळ होण्यासारखे पत्रे ठोकून घेऊन. त्याचे २२ हजार ह्यांनी कारखान्यातून उचल घेतली, ती आठवड्याच्या पगारातून थोडी थोडी कापून जाते, तिला व्याज नाही.

शेकडा पाचनं देणारेही आले होते. वादळानंतर भंगारवाल्यांच्या मागोमाग हेच येतात. शेकडा पाच म्हणजे महिन्याला पाच टक्के, वर्षाला साठ. परवानाधारक सावकारालासुद्धा महाराष्ट्रात बिगरशेतीच्या बिनतारण कर्जाला वर्षाला १८ टक्क्यांच्या वर आकारता येत नाही. गटाचं कर्ज देणाऱ्या बाईही फॉर्म घेऊन दारात उभ्या होत्या, आठवड्याचा हप्ता. मी दोन्हींना नाही म्हटलं. २५ तारखेच्या एका हप्त्यासाठी दर आठवड्याला एक नवा हप्ता दारात बांधून घेणं, आणि तेही तडजोडीच्या मध्यात, हे मी कुणालाही करू देणार नाही. माझ्या बहिणीला तर भांडून थांबवलं.

पत्रे बसवणारे अण्णा आमच्याच भागातले, फॅब्रिकेशनचं काम करतात. त्यांनी एक गोष्ट दाखवली ती सांगते. वारा पत्रा मधून उचलत नाही, कडेनं आणि कोपऱ्यातून उचलतो. वळचणीखाली घुसतो आणि खालून लोटतो. "बगा ताई, मधले हुक सगळे जागेवर हायत, कडेचेच निसटलेत." म्हणून आता कडेच्या ओळीला आणि चारही कोपऱ्यांना रबरी वॉशर लावलेले स्क्रू जवळजवळ मारलेत, वळचण पूर्वीपेक्षा कमी बाहेर ठेवली, आणि अँगल भिंतीत नुसता रोवलेला होता तो आता काँक्रीटमध्ये बोल्टनं धरलाय. पत्र्यावर दगड ठेवायची आपल्याकडे पद्धत आहे, ती अण्णांनी मोडायला लावली. वादळात तोच दगड खाली माणसावर येतो.

जून आणि जुलैचे हप्ते शिवणाच्या पैशातून वेळेवर गेले. ऑगस्टमध्ये विम्याचे ३१,५०० बँकेत आले. त्यातून मेचे १२,००० आणि ऑगस्टचा पूर्ण हप्ता गेला, १,५०० सप्टेंबरमध्ये धरले. पावतीवर हे असंच लिहून घेतलं, महिन्यांच्या नावासकट, आणि एक झेरॉक्स भाऊजींना दिली. सरकारी मदतीचे साडेसहा हजार पोस्टात जमा झाले, त्यातून मुलीची वह्यापुस्तकं आणि भिजलेल्या ज्वारीच्या जागी नवी ज्वारी आणली.

शेडची दुसरी बाजू अजून ताडपत्रीखाली आहे. ह्यांची उचल फिटली की ती करू. ज्यांना अर्जाचा नमुना हवाय त्यांनी दुपारी दोनच्या पुढं घरी यावं, मुलगी टाईप करून देते. येताना तडजोडीचं पत्र आणि खातेउतारा बरोबर आणावा.